कॉम्प्युटरला डायल-अप मोडेम जोडून नेट कसं चालू करायचं : लँडलाइनपासून डोंगलपर्यंत, सगळं क्रमानं

गेल्या पावसाळ्यात जांबोटीच्या पलीकडं एका गावात दूध संस्थेच्या ऑफिसात गेलो होतो, झाड पडून फायबरची केबल तुटलेली, चार दिवस नेट नाही आणि हिशोबाची फाइल तर पाठवायचीच होती. सेक्रेटरींनी कपाटातनं एक जुनं डोंगल, म्हणजे सिम घालून यूएसबीला लावायचा छोटा मोडेम, काढून दिलं, पण त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर विंडोज १० वर उघडेचना. मी ते सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि हातानं डायल-अप कनेक्शन बनवलं, नंबरच्या जागी *९९# टाकलं आणि डायल केलं, लागलं. शेजारी बसलेला कॉम्प्युटरवाला पोरगा हुशार, विंडोज टाकतो, प्रिंटर नेटवर्कवर घेतो, पण तो म्हणाला, "सर, हे डायल-अप म्हणजे नेमकं काय गा, आम्हाला कुणी शिकवलंच नाही की." त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

डायल-अप म्हणजे मोडेमनं फोनसारखा नंबर फिरवून नेटला जोडणं, आणि मोडेम म्हणजे कॉम्प्युटरचा डेटा फोनच्या तारेवरनं जाईल अशा आवाजात बदलणारं आणि आलेल्या आवाजाचा परत डेटा करणारं यंत्र. आधी एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. डायल-अपमधे पाच टप्पे असतात आणि ते एकामागून एकच होतात : लाइन, मग मोडेम, मग नंबर, मग नाव-पासवर्ड, मग आयपी पत्ता, म्हणजे नेटवर कॉम्प्युटरला मिळणारा क्रमांक. पहिला टप्पा नीट नसला तर पुढच्या टप्प्यातली सेटिंग कितीही बदला, काही होत नाही. मी बघितलेल्या दहातल्या आठ जणांचा वेळ ह्याच्यातच गेलाय, लाइनमधे खरखर आणि माणूस पासवर्ड बदलत बसलाय.

लाइन

मोडेमला हात लावायच्या आधी साधा टेलिफोन त्याच सॉकेटात लावा आणि कानाला धरा. डायल टोन स्वच्छ पाहिजे. मग एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबतो, आणि त्या शांततेत कान देऊन ऐका. तिथं चरचर, बारीक कडकड, लांबून दुसऱ्याचं बोलणं किंवा रेडिओसारखं गुणगुणणं ऐकू आलं तर मोडेम तिथं नीट चालणार नाही. माणसाला बोलायला ती लाइन चालते, मोडेमला चालत नाही. लाइनमन येऊन फोन कानाला लावतो आणि "लाइन सरी ऐती री" म्हणजे लाइन ठीक आहे म्हणून जातो, त्याचंही खरंच असतं कारण बोलणं ऐकू येतंय, म्हणून त्याला नुसतं "नेट लागत नाही" न सांगता आकडा दाबून ती शांततेतली चरचर ऐकवा, मग तो खांबावरचा जॉइंट उघडून बघतो.

आमच्या खानापूर, कणकुंबी बाजूला पाऊस भयंकर, हवा चार महिने ओली, त्यामुळं भिंतीवरच्या फोन सॉकेटमधल्या त्या सोनेरी तारांवर हिरवट थर चढतो. बॅटरी लावून आत बघा, दिसतो. एकदा एका घरात मी मोडेम बदलला, वायर बदलली, विंडोज परत टाकलं, आणि शेवटी तो पंधरा-वीस रुपयांचा सॉकेट बदलल्यावर कनेक्शनचा वेग सेकंदाला २६,४०० बिटवरनं ४४,००० वर गेला. तेव्हापासनं सॉकेट आधी बघतो.

वायर जितकी आखूड तितकी बरी. एका लाइनवर समांतर दोन-तीन फोन असतील तर मोडेम चालू असताना आतल्या खोलीत कुणीतरी फोन उचलला की कनेक्शन तुटतं, त्यामुळं मोडेम सगळ्यात पहिल्या सॉकेटात आणि फोन मोडेमच्या मागनं घ्यायचा. मोडेमवर दोन खाचा असतात, एकीवर लाइन लिहिलेलं असतं, दुसरीवर फोन. भिंतीवरनं आलेली वायर लाइनमधे, टेलिफोन फोनमधे. उलटं लावलं की काही मोडेम टोनच धरत नाहीत. त्याच लाइनवर जुनं ब्रॉडबँड असेल तर स्प्लिटरच्या, म्हणजे फोन आणि ब्रॉडबँड वेगळं करणाऱ्या डबीच्या, फोनवाल्या बाजूला मोडेम लावायचा.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढं निराशा नको. तुमचा लँडलाइन फोन फायबरच्या डब्यातनं येत असेल तर त्याच्यावर डायल-अप मोडेम भरवशाचा चालत नाही. ५६ के चा, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिटचा, जो हिशोब आहे, व्ही.९० म्हणतात तो, १९९८ सालचा, तो तुमच्या घरापासनं एक्स्चेंजपर्यंत तांब्याची जोडी आहे आणि आवाजाचं डिजिटलमधे रूपांतर वाटेत एकदाच होतंय असं धरून बनवलाय. फायबरवर आवाज तुकड्या-तुकड्यानं पाकिटात जातो, बोलताना एखादं पाकीट उशिरा आलं तर कळत नाही पण मोडेमची पकड सुटते.

एक्स्चेंजवरनं आठवलं. खेड्यापाड्यात सी-डॉट ह्या सरकारी टेलिफोन संशोधन संस्थेचं छोटं ग्रामीण एक्स्चेंज आलं, त्यातलं पहिलं १९८६ साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. त्या इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजमुळं गावातनं फोन लावायला ऑपरेटरची वाट बघायची गरज गेली, आणि पुढं मोडेमसुद्धा त्याच लाइनीवरनं बोलायला लागले. मला ह्या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे.

आणि वळीव. एप्रिल-मे मधे ढग काळे झाले की मोडेमची वायर भिंतीतनं काढायची, नुसतं कॉम्प्युटर बंद करून भागत नाही, वीज फोनच्या तारेवरनं आत येते. माझ्याकडं एका मे महिन्यात आठवड्याभरात सहा इंटर्नल मोडेम आले होते, सहाही जळालेले, खाचेजवळचा तो छोटा भाग काळा पडलेला आणि कार्ड नाकाजवळ धरलं की जळकट वास. त्यातल्या दोघांचा मदरबोर्डही गेला होता.

मोडेम

तीन प्रकार बघायला मिळतात. कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड, सिरियल पोर्टला लागणारा बाहेरचा डबा आणि यूएसबीचा मोडेम. आतल्या कार्डातले बरेचसे सॉफ्ट-मोडेम असतात, म्हणजे अर्धं काम प्रोसेसर आणि ड्रायव्हर करतो, स्वस्त असतात पण ड्रायव्हर नेमका त्याच चिपचा लागतो, जवळपासचा चालत नाही. कार्डावरच्या मोठ्या चिपवरचा नंबर वाचून घ्या, डब्यावरच्या नावावर विसंबू नका. सिरियल पोर्टचा बाहेरचा मोडेम मिळाला तर तोच घ्या असं मी सांगीन, त्याच्यावर दिवे असतात आणि ते दिवे बघून निम्मा दोष कळतो, शिवाय ड्रायव्हरची कटकट जवळजवळ नाही.

मोडेम लावून कॉम्प्युटर चालू केला की डिव्हाइस मॅनेजरमधे मोडेम्स नावाच्या फांदीखाली त्याचं नाव दिसलं पाहिजे. पिवळं उद्गारचिन्ह असलं तर ड्रायव्हर बसलेला नाही. नाव दिसत असलं की त्याच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डायग्नॉस्टिक्स, आणि तिथं क्वेरी मोडेम दाबा. खाली ओळी यायला लागल्या, त्यात ओके दिसलं, म्हणजे कॉम्प्युटर आणि मोडेम एकमेकांशी बोलतायत. विंडोज ९८ च्या जुन्या मशिनीत सिरियल माउस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला (कॉम म्हणजे सिरियल पोर्टचा क्रमांक) तर दोघं भांडतात, कारण दोघांचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची वाट, एकच असतो, ४ नंबरचा. कॉम २ आणि कॉम ४ चं तसंच, तिथं ३ नंबर. माउस हलवला की कनेक्शन तुटतंय अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर मी पहिल्यांदा हेच बघतो, मोडेम कॉम २ वर नेला की भांडण मिटतं.

तिथंच मोडेमच्या टॅबमधे मॅक्सिमम पोर्ट स्पीड ११५२०० ठेवा. लोकांना वाटतं ५६ के चा मोडेम म्हणून ५७६०० ठेवावं, पण मोडेम डेटा दाबून लहान करून पाठवतो, कॉम्प्युटरकडं येताना तो परत मोठा होतो, म्हणून ह्या बाजूची वाट रुंदच पाहिजे. फ्लो कंट्रोल हार्डवेअर ठेवायचा.

डायल टोन नाही म्हणतंय पण टोन तर येतोय

हे वेगळं लिहितो कारण ह्याच्यात लोकांचे दिवस जातात. आपल्या देशातला डायल टोन ४०० हर्ट्झचा असतो आणि तो थरथरता असतो. अमेरिकेतला ३५० आणि ४४० मिसळून केलेला. परदेशात बनवलेला मोडेम तिकडचा टोन शोधत बसतो, इथला टोन त्याला ओळखू येत नाही आणि तो ६८० नंबरची एरर देतो, डायल टोन नाही म्हणून. कानाला फोन लावला तर टोन ठणठणीत.

पहिला उपाय, कंट्रोल पॅनलमधे फोन अँड मोडेम ऑप्शन्स उघडून देश इंडिया निवडा. त्यानंही झालं नाही तर मोडेमच्या प्रॉपर्टीजमधे अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर एक्स्ट्रा इनिशियलायझेशन कमांड्स म्हणून रिकामी जागा असते, तिथं एटीएक्स३ टाइप करा, इंग्रजी अक्षरात, मधे जागा न सोडता. ह्याचा अर्थ टोनची वाट न बघता सरळ नंबर फिरव. वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग ही खूणही काढून टाका. ऑफिसात इपीएबीएक्स असेल, म्हणजे बाहेरची लाइन घ्यायला आधी ० दाबावा लागत असेल, तर नंबरच्या आधी ० आणि मग एक स्वल्पविराम द्या. स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंद थांब. बाहेरची लाइन मिळायला उशीर लागत असेल तर दोन स्वल्पविराम.

डायलिंग टोनचंच ठेवा, पल्सचं नको, जिथं टोन अजिबात घेतच नाही तिथंच पल्स करून बघायचं.

कनेक्शन बनवणं

विंडोज एक्सपीवर : स्टार्ट, कंट्रोल पॅनल, नेटवर्क कनेक्शन्स, डाव्या बाजूला क्रिएट अ न्यू कनेक्शन. नेक्स्ट. कनेक्ट टू द इंटरनेट. नेक्स्ट. सेट अप माय कनेक्शन मॅन्युअली. नेक्स्ट. कनेक्ट युजिंग अ डायल-अप मोडेम. नेक्स्ट. मग नाव विचारतं, ते काहीही द्या, स्वतःला ओळखू येईल असं. मग फोन नंबर. मग युजर नेम आणि पासवर्ड दोनदा. शेवटी डेस्कटॉपवर शॉर्टकट पाहिजे म्हणून खूण करा आणि फिनिश.

विंडोज ९८ वर माय कॉम्प्युटर उघडलं की डायल-अप नेटवर्किंग हा फोल्डर असतो, त्यात मेक न्यू कनेक्शन. तो फोल्डरच नसेल तर अ‍ॅड रिमूव्ह प्रोग्रॅम्समधे विंडोज सेटअप, कम्युनिकेशन्स, तिथं खूण करून सीडी घाला. विंडोज १० वर कंट्रोल पॅनल, नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, सेट अप अ न्यू कनेक्शन ऑर नेटवर्क, कनेक्ट टू द इंटरनेट, आणि तिथं डायल-अप. आधीच वायफाय चालू असेल तर ते म्हणतं तुम्ही जोडलेलेच आहात, तरी सेट अप अ न्यू कनेक्शन एनीवे दाबायचं.

आता नंबर. नंबर टाकताना एरिया कोडची जागा रिकामी ठेवा आणि युज डायलिंग रूल्स ही खूण काढा. ही खूण आमच्या भागात फार नडते. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडं कोल्हापूरच्या पाहुण्यांनी स्वतःचं अकाउंट दिलेलं आणि कनेक्शनही त्यांनीच बनवून दिलेलं, त्यात एरिया कोड ०२३१. निपाणी ते कोल्हापूर गाडीनं तासाभराचं अंतर, रोजचं जाणं-येणं, सोयरीक तिकडं, बाजार तिकडं, पण टेलिफोनच्या हिशोबात ते दुसरं राज्य, म्हणजे प्रत्येक वेळी नेट लावलं की एसटीडी. घरातली मुलं रोज दोन-दोन तास बसायची. बिल आल्यावर घरात जो वाद झाला तो मी स्वतः बघितलाय, आणि त्या मुलांचा काहीच दोष नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

उलटा प्रकारही होतो. बीएसएनएलच्या जुन्या संचारनेट सेवेचा १७२२३३ होता, असल्या नंबराच्या पुढं कुठलाच कोड लावायचा नसतो. पण डायलिंग रूल्सची खूण राहिलेली असली की कॉम्प्युटर आपणहून पुढं ०८३१ किंवा खानापूरचा ०८३३६ जोडतो, आणि मोडेमच्या स्पीकरमधनं कन्नडमधे रेकॉर्ड केलेल्या बाईंचा आवाज येतो, हा नंबर अस्तित्वात नाही म्हणून. स्पीकर बंद केलेला असला तर हेही कळत नाही. म्हणून सगळं जमेपर्यंत मोडेमचा आवाज कधीही बंद करू नका.

कनेक्शन तयार झालं की त्याच्या प्रॉपर्टीजमधे जाऊन तीन गोष्टी बघा. नेटवर्किंगमधे प्रकार पीपीपी पाहिजे. टीसीपी-आयपी वर खूण पाहिजे, आणि त्याच्या आत आयपी आणि डीएनएस दोन्ही ऑटोमॅटिक. बाकी फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, आयपीएक्स, नेटब्युई, ह्या खुणा काढा, विंडोज ९८ मधे लॉग ऑन टू नेटवर्क हीही काढा, नाहीतर कनेक्शन लागल्यावर उगीच अर्धा-एक मिनिट थांबतं. सिक्युरिटी टॅबवर अलाव अनसिक्युअर्ड पासवर्ड ठेवावं लागतं कारण बऱ्याच ठिकाणी पासवर्ड उघड्याच पद्धतीनं, पॅपनं तपासला जातो.

आणि फायरवॉल. डायल-अपवर तुमचा कॉम्प्युटर सरळ उघड्यावर असतो, मधे राउटर नाही. ऑगस्ट २००३ मधे ब्लास्टर वर्म, म्हणजे नेटवरनं आपोआप पसरणारा व्हायरस, आला तेव्हा एक्सपीची मशिनं नेट लावल्या-लावल्या ६० सेकंदांची उलटी मोजणी दाखवून बंद पडत होती, दुकानात रांग लागली होती. तेव्हा एक्सपीतली फायरवॉल आपणहून चालू नसायची, सर्व्हिस पॅक २ पासनं चालू यायला लागली. म्हणून आधी फायरवॉल चालू करा, मग डायल करा. एक्सपीला अपडेट मिळणं एप्रिल २०१४ मधे थांबलंय, त्यामुळं अशा मशिनीवर बँकेचं काम अजिबात करू नका, फाइल पाठवण्यापुरतंच वापरा.

डायल करा आणि ऐका

माझ्या मते मोडेम शिकायचं खरं साधन कान हाच आहे. डायल दाबलं की क्रमानं काय ऐकू येतं ते सांगतो. पहिल्यांदा टक्, लाइन उचलली. मग डायल टोन. मग टिटिटिट, आकडे गेले. मग पलीकडं रिंग, एक किंवा दोन. मग एक उंच, बारीक, सरळ आवाज साधारण तीन सेकंद, हा २१०० हर्ट्झचा, पलीकडच्या मोडेमनं फोन उचलून मी मोडेम आहे म्हणून सांगितलेलं असतं, आणि हाच आवाज वाटेतली प्रतिध्वनी दाबणारी यंत्रं बंद करतो. मग दोन्हीकडनं किंचाळल्यासारखे तुकडे, टिंग-टुंग, आणि मग जोराची खर्रर्र, पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी. ह्या खर्ररमधे दोघं लाइन मोजत असतात, कुठल्या पट्टीत किती आवाज नीट जातोय ते. मग एकदम शांत. शांत झालं म्हणजे जुळलं, आणि पडद्यावर व्हेरिफाइंग युजर नेम अँड पासवर्ड येतं.

आता कुठं अडलं ते कानानंच सांगता येतं. टिटिटिट झालं आणि टूं-टूं-टूं आलं, पलीकडं बिझी, ६७६ नंबरची एरर. रिंगा वाजतच राहिल्या, कुणी उचललं नाही, ६७८, आणि उचलायच्या जागी माणसाचा आवाज आला, ६७७ किंवा ६७८. ह्यात नंबर परत तपासा. खर्रर्र दोन-तीनदा परत-परत होतेय, थांबतेय, परत सुरू होतेय, म्हणजे लाइन घाण आहे, वर लिहिलेल्या सॉकेट-वायरकडं परत जा. सगळं आवाजाचं नीट झालं, शांत झालं आणि मग ६९१, तेव्हा आणि तेव्हाच नाव-पासवर्ड बघायचा, कॅप्स लॉक बघायचं, नावाच्या शेवटी चुकून जागा सुटलीय का बघायचं, अकाउंटचे तास संपलेत का बघायचं. ७२० आलं तर टीसीपी-आयपीची खूण करायची राहिलीय किंवा ते बिघडलंय. ६३३ म्हणजे मोडेम दुसरंच कुठलं तरी सॉफ्टवेअर धरून बसलंय, बहुतेक फॅक्सचं. ६९२ म्हणजे मोडेमचंच काहीतरी, बाहेरचा असेल तर बंद करून दहा सेकंदांनी चालू करा.

कनेक्शन लागतंय पण पाच-दहा मिनिटात तुटतंय असं असेल तर माझा ठाम सल्ला, वेगाचा हट्ट सोडा. एक्स्ट्रा इनिशियलायझेशनच्या त्याच जागेत एटी+एमएस=व्ही३४ टाका, बहुतेक मोडेमना हे कळतं, मग मोडेम ५६ के च्या मागं न लागता जुन्या, जास्त दणकट पद्धतीनं ३३,६०० पर्यंत जोडतो. ४४,००० ला लागून दहा मिनिटात तुटण्यापेक्षा २८,८०० ला दोन तास टिकलेलं केव्हाही चांगलं. ४४,००० ला सुद्धा १ एमबीच्या फाइलला तीन-साडेतीन मिनिटं लागतातच, आणि फाइल वर पाठवताना तर व्ही.९० मोडेमही ३३,६०० च्या पुढं जात नाही, म्हणजे पाठवायच्याच कामाला ह्यात काही तोटा नाही.

कॉल वेटिंग त्या फोनवर असेल तर बंद करून घ्या, मधेच येणारी ती टुक् लाइन तोडते. कनेक्शनच्या ऑप्शन्समधे रीडायल ३ वेळा, मधे १ मिनिट, आणि वापर नसेल तर २० मिनिटांनी आपोआप तुटू दे.

आता डोंगल

आता रोजच्या कामाला लँडलाइनच्या मोडेमपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, आणि गंमत म्हणजे वरचं सगळं समजलं असेल तर ह्यात नवीन फार थोडं आहे. ३जीचं जुनं डोंगल कॉम्प्युटरला मोडेम म्हणूनच दिसतं, डिव्हाइस मॅनेजरमधे मोडेम्सच्याच फांदीवर. लाइनच्या जागी टॉवर, बाकी टप्पे तेच.

आधी एक ओळख करून घ्या. काही नवी डोंगलं मोडेम म्हणून दिसतच नाहीत, नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात आणि त्यांची सेटिंग ब्राउझरमधे उघडते, त्यांना डायल-अप बनवायची गरजच नाही. आणि जिओचं सिम जुन्या ३जी डोंगलात चालत नाही, जिओ फक्त ४जीवर आणि त्याच्या पुढं आहे.

मोडेमच्या प्रॉपर्टीजमधे अ‍ॅडव्हान्स्डवर जाऊन एक्स्ट्रा इनिशियलायझेशनमधे ही ओळ टाका : एटी+सीजीडीसीओएनटी=१,"आयपी","बीएसएनएलनेट". इंग्रजीत टाइप करायचं, सुरुवातीची अक्षरं मोठी, शेवटचं एपीएनचं, म्हणजे मोबाइल कंपनीच्या नेटच्या दाराचं, नाव बारीक अक्षरात, अवतरणचिन्हं साधी सरळ. मोबाइलवरनं आलेला मेसेज कॉपी करून चिकटवला तर वाकडी अवतरणचिन्हं येतात आणि मोडेम ती घेत नाही, ह्याच्यात माझी एक अख्खी दुपार गेलीय. एअरटेल असेल तर एपीएन एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, हेही इंग्रजीतच, मधे टिंब. कनेक्शन बनवताना नंबर *९९#, युजर नेम आणि पासवर्ड रिकामे. डोंगलाचं स्वतःचं सॉफ्टवेअर मागं उघडं असेल तर बंद करा, नाहीतर वरचीच ६३३.

सिग्नल बघायला टॉवरच्या दांड्यांवर भरवसा ठेवू नका. मोडेमला थेट हुकूम टाइप करायला एक्सपीत हायपरटर्मिनल हे सॉफ्टवेअर आहे, नव्या विंडोजवर पुट्टी घ्या, डोंगलाचा कॉम पोर्ट उघडून एटी+सीएसक्यू टाइप करा आणि एंटर. उत्तरात पहिला आकडा ० ते ३१ मधे येतो, ९९ आला तर कळत नाहीये असा अर्थ. १० च्या वर असेल तर काम होतं. त्या दूध संस्थेत टेबलावर ७ येत होता, वर पत्र्याचं छप्पर, आम्ही यूएसबीची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल खिडकीच्या गजाला बांधलं, १४ आला. वायर ५ मीटरच्या वर नको, आणि डोंगल कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात लावा, पुढच्या पोर्टात कधीकधी वीज कमी पडते आणि डायल करताना डोंगलच गायब होतं.

आणि सीमाभागातली खास अडचण. चंदगडच्या बाजूची गावं, निपाणीच्या पुढं कागलकडं, कणकुंबीवरनं चोर्ला घाटाकडं, इथं डोंगल कधी कर्नाटकातला टॉवर धरतं, कधी महाराष्ट्र-गोव्याचा. ते ह्याच्यावरनं त्याच्यावर उड्या मारायला लागलं की दर काही मिनिटांनी कनेक्शन तुटतं, आणि काही डोंगलं रोमिंग दिसलं की डेटाच सोडत नाहीत. अशा वेळी डोंगल त्याचं सॉफ्टवेअर चालणाऱ्या दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला लावून नेटवर्क ऑटोमॅटिकवरनं मॅन्युअल करा, यादी यायला एखादं मिनिट लागतं, त्यातनं ज्याचा सिग्नल स्थिर आहे तो निवडा, आणि ३जी येत-जात असेल तर फक्त २जी करून टाका. २जीवर वेग कमी, पण तो लँडलाइनच्या मोडेमपेक्षा सहसा वाईट नसतो आणि टिकतो.

कनेक्शन लागल्यावर विंडोज १० चे अपडेट आधी थांबवा, तो सगळी वाट अडवून बसतो. त्या दिवशी आम्हीही तेच केलं, मग फाइल झिप केली, साडेचारशे केबी झाली, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना ती गेली.